पंचांग ऐकावं, पेरावं ओल बघून

मैत्रिणींनो, तुमच्या स्वयंपाकघरातही भिंतीवर एखादं कॅलेंडर असेलच. दुधाचा खाडा, गॅसची टाकी कधी लावली, भिशीचा नंबर कधी लागणार, सगळा संसार त्या चौकोनांत मावतो. आमच्याकडचं कॅलेंडर किराणा दुकानदारानं दिलेलं. पानांची मागची बाजू कोरी. २०२५ सालच्या मार्चच्या पानामागे आमच्या घरानं दोन याद्या केल्या होत्या. एक पैलवानांची आणि दुसरी माझ्या मुलाच्या टक्क्यांची. पहिली चुकली तेव्हा आम्ही पोट धरून हसलो. दुसरी चुकली तेव्हा दोन दिवस घरात कुणी धड जेवलं नाही. ते दोन दिवस माझ्या मनातून अजून गेलेले नाहीत, म्हणून हे लिहायला बसले.

आमचं कर्जत म्हणजे कोकणातलं, लोकलगाडीचं कर्जत नव्हे हं! आमचं नगर जिल्ह्यातलं, म्हणजे आताच्या अहिल्यानगरमधलं. ज्वारीचं, पाण्याची वाट बघणारं. आषाढात गोदड महाराजांच्या रथयात्रेला गाव फुलतं, एरवी आपलं शांत. अशा गावात २६ ते ३० मार्च २०२५ या दिवसांत चक्क महाराष्ट्र केसरीची कुस्ती स्पर्धा भरली. गंमत म्हणजे दोनच महिन्यांपूर्वी, जानेवारीच्या शेवटी आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीला, नगर शहरातही महाराष्ट्र केसरी झाली होती. संघटना दोन, म्हणून गदाही दोन. नगरची सदुसष्टावी आणि तिच्यानंतरची आमची सहासष्टावी! मी शाळेत तासिकेवर मराठी शिकवते. सातवीतल्या एका मुलानं विचारलं, "बाई, सदुसष्टनंतर सहासष्ट कसं येतं?" मी म्हटलं, "बाळ, हे गणिताच्या बाईंना विचार."

पण उत्साह काय विचारता! चौकाचौकांत फलक, रसवंतीवर पैलवान, केशकर्तनालयात पैलवान. ज्यांनी जन्मात लंगोट बांधला नाही तेसुद्धा 'एकेरी पट' आणि 'ढाक' असं बोलायला लागले. आमचे हे आणि भावजी दोघेही त्यातलेच. रात्रीच्या जेवणाला ताटं वाढून मी बसलेली आणि हे दोघे भाकरीच्या तुकड्यानं ताटात डाव काढून दाखवताहेत. मला कुस्तीतलं फारसं कळत नव्हतं. ह्यांनीच समजावलं, की मातीवरचा एक विजेता, गादीवरचा एक, आणि शेवटची लढत त्या दोघांत. तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या. पाठ टेकली तर चितपट, नाहीतर गुणांवर निकाल. १९६१ साली तेव्हाच्या औरंगाबादेत दिनकर दह्यारी पहिले महाराष्ट्र केसरी झाले, तेव्हापासूनची ही परंपरा.

आणि मग सुरू झाली भाकितं. भावजींनी कॅलेंडरचं पान उलटं केलं, पेन्सिल घेतली आणि सगळ्यांना विचारलं, "बोला, गदा कुणाची?" ह्यांनी सांगितलं, पृथ्वीराज पाटील. भावजींनी सांगितलं, पृथ्वीराज पाटील. मामंजींनीही तेच नाव घेतलं. कारणही तसंच होतं. कोल्हापूरच्या मातीतला हा पोरगा २०२२ साली साताऱ्यात महाराष्ट्र केसरी झाला होता. विशाल बनकरविरुद्ध आधी मागं पडला होता आणि मग ५-४ नं जिंकला. कोल्हापूरला तब्बल एकवीस वर्षांनी गदा मिळाली होती. एवढा नावाजलेला मल्ल आमच्या गावात येणार म्हटल्यावर दुसरं नाव कोण घेणार?

घेतलं, आमच्या धाकटीनं. सहावीत होती तेव्हा. म्हणाली, "सोलापूरचा वेताळ शेळके." जाणकारांना तो ठाऊक असणारच, पण आमच्या घरात त्याचं नाव कुणाच्या तोंडी नव्हतं. भावजी हसून लोळायचे बाकी राहिले. "नाव आवडलं वाटतं तुला!" ती म्हणाली, "हो. आणि तुम्ही सगळ्यांनी एकच लिहिलंय, मग मज्जा कशी येणार?" पैज पैशांची नव्हती, सासूबाईंना ते चालत नाही. पैज अशी ठरली की ज्याचं चुकेल त्यानं एप्रिलमध्ये कुरडयांचा सोऱ्या फिरवायचा. मी मनात म्हटलं, सगळ्यांचंच चुकू दे बाई!

त्याच पानावर खाली दुसरी यादी. आमचा मोठा तेव्हा दहावीला. त्याचा शेवटचा पेपर १७ मार्चला झाला होता. पैलवानांची यादी झाल्यावर पेन्सिल तशीच हातात होती, तर भावजी म्हणाले, "आता ह्याचंही लिहू." भावजींनी लिहिलं ९२. ह्यांनी ९४. मी ९५ लिहिलं. हो, सगळ्यांत मोठा आकडा माझाच. धाकटीनं लिहिलं, "दादा पास." त्यावरही सगळे हसले. मुलाला पेन्सिल दिली तर तो म्हणाला, "मी नाही लिहीत," आणि पाणी प्यायला उठला. तो का उठला हे मला तेव्हा कळलं नाही. शिक्षिका म्हणवते मी स्वतःला!

त्याच आठवड्यात अमेरिकेहून माझ्या भाच्याचा, म्हणजे वन्संच्या मुलाचा व्हिडिओ कॉल आला. आमची यादी बघून तो आनंदानं ओरडलाच. "मामी, इथंही मार्चमध्ये हेच चालतं!" तिथं कॉलेजांच्या बास्केटबॉलची मोठी स्पर्धा असते. ६८ संघ, हरला की घरी. लोक आधीच कागदावर भरून ठेवतात, कोण कुणाला हरवणार ते. ऑफिसात, घरात, शाळेत, सगळीकडे. आजी भरते, नातू भरतो. आणि आजवर एकाचाही कागद पहिल्या सामन्यापासून शेवटच्यापर्यंत बिनचूक उतरल्याची नोंद नाही म्हणे. तरी दरवर्षी भरतात! भाच्याचा कागद तर पहिल्या दोन दिवसांतच फाटला होता. मला बरं वाटलं. म्हटलं, म्हणजे शहाण्या देशातही आमच्यासारखेच लोक आहेत.

स्पर्धेचा शेवटचा दिवस ३० मार्च, आणि त्याच दिवशी गुढीपाडवा. आमच्याकडं पाडव्याला सकाळी पंचांग वाचायची पद्धत आहे. पाऊस किती, धान्य किती, कुठल्या महिन्यात काय. मामंजी कडुलिंबाची चटणी खाऊन पाटावर बसतात, डोळे मिटून सगळं ऐकतात आणि शेवटी दरवर्षी एकच वाक्य बोलतात, "पंचांग ऐकावं, पेरावं मात्र ओल बघून." लग्न होऊन आल्यापासून हे वाक्य ऐकतेय. खरं सांगू? मला ते म्हाताऱ्या माणसाचं पालुपद वाटायचं.

पुरणपोळीचं जेवण झालं, संध्याकाळी गुढी उतरवली आणि आम्ही सगळे मैदानावर गेलो. सासूबाईसुद्धा! त्यांचे वडील गावच्या जत्रेत कुस्त्या धरायचे. हलगी कडाडली तशा सासूबाई ताठ बसल्या. बायका बऱ्याच आल्या होत्या, लेकींना घेऊन. धाकटीला शेजारच्या श्रीगोंद्याच्या भाग्यश्री फंडचं नाव पाठ होतं. महिला महाराष्ट्र केसरी झालेली आपल्या जिल्ह्यातली मुलगी. मुलींसाठी ही स्पर्धा सुरू झाली ती २०२३ साली सांगलीत, आणि पहिला मान सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीला मिळाला. सासूबाई म्हणाल्या, "आमच्या वक्ताला पोरीला फडाच्या आसपास फिरकू देत नव्हते."

शेवटची लढत लागली, पृथ्वीराज पाटील आणि वेताळ शेळके. आमची धाकटी उभीच राहिली. पुढं काय झालं ते तुम्ही वर्तमानपत्रात वाचलंच असेल. गुणांवर जिंकला तो वेताळ शेळके. काय तो गलका! माणसं खांद्यावर माणसं घेऊन नाचत होती. धाकटी भावजींच्या पाठीवर बुक्क्या मारत होती, "सोऱ्या! सोऱ्या!" मीही टाळ्या वाजवत होते. तेवढ्यात सासूबाईंनी माझा पदर ओढला आणि हळूच विचारलं, "आगं, त्या हरल्याल्या पोराच्या आईला कुणी फोन केला असंल का?"

मी काहीच बोलले नाही. एवढ्या हजारो माणसांत हा प्रश्न फक्त त्यांनाच सुचला.

एप्रिलमध्ये कुरडया झाल्या. ह्यांनी आणि भावजींनी गच्चीवर, उन्हात, टॉवेल डोक्याला बांधून सोऱ्या फिरवला. शेजारच्या वहिनींनी फोटो काढला. कुरडया वाकड्यातिकड्या झाल्या पण तळल्यावर सगळ्या सारख्याच फुलल्या. भाकीत चुकण्यातली ही गंमत. चुकलं तर कुणाचं काय गेलं? थोडं खांदे दुखले, एवढंच.

मग आला १३ मे. दहावीचा निकाल. दुपारी एकची वेळ. ह्यांनी सकाळीच मिठाईवाल्याला दोन किलो पेढे सांगून ठेवले होते. मी नवी साडी नेसले होते. का ते विचारू नका. एक वाजून दहा मिनिटांनी मोबाईलवर आकडा आला, ७८.४०.

मैत्रिणींनो, अठ्ठ्याहत्तर टक्के म्हणजे काही कमी नव्हेत. दुसऱ्या कुणाच्या मुलाचे असते तर मी मनापासून अभिनंदन केलं असतं. पण त्या क्षणी माझ्या तोंडून काय निघालं असेल? "नीट बघ, नंबर बरोबर टाकलास का?" हे माझे पहिले शब्द. मग मी स्वयंपाकघरात गेले आणि धुतलेली भांडी पुन्हा धुवायला घेतली. ह्यांनी मिठाईवाल्याला फोन करून "पेढे राहू द्या" म्हणून सांगितलं. फोन येत होते आणि मी आवाज खाली करून बोलत होते, जसं घरात कुणी आजारी आहे. मुलगा गच्चीवर जाऊन बसला. संध्याकाळपर्यंत कुणी त्याला हाक मारली नाही. मीसुद्धा नाही.

रात्री तो खाली आला, स्वयंपाकघरात गेला, कॅलेंडरचं मार्चचं पान उलटं केलं आणि ती यादी बघत उभा राहिला. मी मागं उभी. तो अगदी शांतपणे म्हणाला, "आई, मी नापास नाही झालो. तुमचा अंदाज नापास झाला."

मला राग आला आधी. उलटून बोलतो म्हणून. रात्री झोप लागेना तेव्हा राग उतरला आणि लाज वाटायला लागली. मी ९५ कशाच्या जोरावर लिहिलं होतं? त्याच्या चाचणी परीक्षांचे गुण मला माहीत होते. विज्ञानात तो अडखळायचा, हेही ठाऊक होतं. म्हणजे ओल किती आहे ते मला दिसत होतं, तरी मी पंचांगावर पेरलं. आणि का? तर, आज तुम्हालाच सांगते, त्याच्यासाठी नव्हे, माझ्यासाठी. मी बी.ए. झालेली, तासिकेवरची बाई. शिक्षकखोलीत माझी खुर्ची ठरलेली नाही. सुट्टीचा पगार नाही. 'बाईंचा मुलगा पंचाण्णव टक्के' हे ऐकायची मला हौस होती. माझी गदा मी त्याच्या हातून उचलायला निघाले होते.

दुसऱ्या दिवशी भाच्याचा फोन आला. त्याला वन्संकडून कळलं होतं. तो माझ्याशी बोललाच नाही, मुलाशीच बोलला. त्यानं सांगितलेली गोष्ट मी शेजारी बसून ऐकली. तिथल्या त्या स्पर्धेत प्रत्येक गटात संघांना एक ते सोळा असे क्रमांक देतात. पहिल्या क्रमांकाचा संघ सोळाव्याशी खेळतो तेव्हा कुणी फारसं बघतही नाही, इतकं ते ठरलेलं. पुरुषांच्या स्पर्धेत १३५ वेळा असा सामना झाला आणि १३५ वेळा सोळावा हरला. २०१८ साली व्हर्जिनिया विद्यापीठाचा संघ साऱ्या स्पर्धेत अव्वल मानला गेला होता. त्याला मेरीलँडमधल्या बाल्टिमोर काउंटीच्या एका लहानशा विद्यापीठाच्या संघानं हरवलं, तेही थोडंथोडकं नाही, ७४-५४! सगळा देश त्या छोट्या संघासाठी नाचला. आणि व्हर्जिनियाच्या मुलांवर चेष्टेचा पाऊस पडला.

"मग पुढं काय झालं माहितीय?" भाचा म्हणाला. "पुढच्या वर्षी, २०१९ मध्ये, तोच व्हर्जिनियाचा संघ विजेता झाला."

मुलगा पहिल्यांदा हसला. मग विचारलं, "आणि ह्या वर्षी?" भाचा म्हणाला, "ह्या वर्षी काहीच गंमत नाही. पहिल्या क्रमांकाचे चारही संघ शेवटच्या चारांत पोचले. असं याआधी फक्त २००८ मध्ये झालं होतं. कधीकधी अंदाज बरोबरही येतात रे! पण येतील म्हणून कुणी सांगू शकत नाही."

भावजीही त्या दिवशी आले. ते नुसते कुस्तीवेडे नाहीत, मनानं फार चांगले आहेत. त्यांनी मुलाला जानेवारी २०२० ची बालेवाडीची महाराष्ट्र केसरी सांगितली. आदल्या दोन वर्षांचे केसरी, अभिजित कटके आणि बाला रफिक शेख, दोघेही शेवटच्या लढतीआधीच बाहेर पडले होते. शेवटी उरले हर्षवर्धन सदगीर आणि शैलेश शेळके. दोघे एकाच वस्तादांचे, काका पवारांचे पठ्ठे. एकाच तालमीत घाम गाळलेले. हर्षवर्धन जिंकला. आणि जिंकल्यावर त्यानं काय केलं? हरलेल्या शैलेशला खांद्यावर उचलून घेतलं आणि मैदानात फिरवलं. गोष्ट सांगताना भावजींचा आवाज कापत होता. "पोरा, त्या दिवशी केसरी कोण झाला हे लोक एखाद्या वेळी विसरतील, पण हे विसरणार नाहीत," ते म्हणाले.

मला सासूबाईंचा मैदानावरचा प्रश्न आठवला. हरलेल्या पोराच्या आईला कुणी फोन केला असेल का? इथं तर हरलेल्या पोराची आई मीच होते, आणि माझ्याच पोराला खांद्यावर घ्यायचं सोडून भांडी घासत बसले होते. शिवाय तो हरला होता असं तरी कुणी ठरवलं? आमच्याच पेन्सिलीनं!

मी उठले, ह्यांना म्हटलं, "जा, पेढे घेऊन या. दोन किलोच." ह्यांनी माझ्याकडं पाहिलं, काही न बोलता चप्पल घातली. मुलानं देवाजवळ पेढे ठेवले, मामंजी-सासूबाईंच्या पाया पडला. शेजारी वाटायला मी त्याच्याबरोबर गेले. शेजारच्या वहिनींनी विचारलं, "किती पडले?" मी तोंड उघडायच्या आत तो म्हणाला, "अठ्ठ्याहत्तर पूर्णांक चाळीस, काकू. पेढा घ्या." मान वर होती त्याची. मी नुसतं ताट धरलं.

मामंजींना मी त्या रात्री म्हटलं, "तुमचं ओलीचं म्हणणं आत्ता कळलं बघा." ते हसले आणि म्हणाले, "उशीर नाही झाला सूनबाई, पेरणी अजून पुढं हाय." आणि पाऊस तरी बघा, त्या वर्षी जूनची वाट न बघता मे संपायच्या आतच मोसमी पाऊस महाराष्ट्रात दाखल झाला! कुणाच्या हिशेबात होतं ते?

हे वाचून तुम्ही म्हणाल, मग अंदाज करूच नयेत का? करावेत की! घरात चार माणसं एकत्र बसून कोण जिंकणार म्हणून भांडतात तेव्हा घराला घरपण येतं. पण पैलवानाला आपली यादी दिसत नाही. आपल्या मुलाला दिसते. तो रोज त्या स्वयंपाकघरात पाणी प्यायला येतो.

म्हणून मी स्वतःपुरते काही नेम केले आहेत. पटले तर बघा. मुलाचा आकडा त्याच्यासमोर बोलायचा नाही, पाहुण्यांसमोर तर नाहीच. निकालाच्या दिवशी रोजच्यासारखा स्वयंपाक करायचा, त्याच्या आवडीची एक भाजी जास्त. आकडा कळल्यावर पहिला हात पाठीवर, मग प्रश्न. बातमी ज्याची त्यानं सांगायची. आपण आवाज खाली करून सांगितली की चांगली बातमीही वाईट होते. पेढे निकालाआधी सांगितले असतील तर निकालानंतर रद्द करायचे नाहीत. आणि जी लेक घरात 'आपली साधारणच' म्हणून मोडीत काढलेली असते, तिचं म्हणणंही एकदा पेन्सिलीनं लिहून ठेवायचं. आमच्या त्या पानावर दोन्ही अंदाज बरोबर आलेली एकच व्यक्ती होती. वेताळ शेळके, आणि 'दादा पास'.

ते पान मी फाडून टाकलेलं नाही. डाळीच्या डब्यामागं ठेवलंय. शाळेत प्रगतिपुस्तकं भरायला बसते आणि कुणाच्या नावापुढं 'सर्वसाधारण' लिहायला हात जातो, तेव्हा ते आठवतं. हात थोडा थांबतो.

तुमच्याही कॅलेंडरच्या पानामागं काही लिहिलेलं आहे का? एकदा उलटून बघा.